माठाला घाम का येतो?

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवायची. एका राज्यात नदीच्या अलीकडे एका पंतोजींची शाळा होती. तिथले पाढे पलीकडच्या काठावर ऐकू जात, आणि पंतोजींना त्याचा कोण अभिमान.

मग पलीकडे एका बाईंनी शाळा काढली. त्या रोज एक वस्तू मुलांच्या मधोमध ठेवत आणि स्वतः गप्प बसत. मुलं ती निरखत, प्रश्न विचारत, वाद घालत आणि उत्तरही शोधून काढत. बघता बघता गावोगाव त्या मुलांचं नाव झालं.

पंतोजींच्या पोटात दुखू लागलं. चाळीस वर्षं घसा कोरडा केला आपण, आणि कौतुक मात्र हिचं, या विचाराने त्यांना घास गोड लागेना. त्यात राणीने दवंडी पिटवली की दोन्ही शाळा पाहून ती एकीत राजकन्येला घालणार आहे.

आता हा मान गेला तर आपली अब्रूच गेली, असं पंतोजींना वाटलं. ते होडीने पलीकडे गेले आणि कुंपणाआड दडून बसले. त्या दिवशी बाईंनी पाण्याने भरलेला माठ ठेवला होता. मुलांनी सतरा प्रश्न विचारले. पंतोजींनी ते सगळे उतरवून घेतले आणि आपल्या मुलांकडून घोकून घेतले. शब्द चुकला की छडी.

राणी आली. तिने एक वाळका भोपळा मुलांपुढे ठेवला.

सगळी मुलं एका सुरात म्हणाली, "माठाला घाम का येतो?"

राणीने विचारलं, इथे माठ कुठे आहे? पण मुलं तोवर दुसऱ्या प्रश्नावर पोहोचली होती. "पाणी आतून आलं की बाहेरून?" बरोबरचे सरदार पोट धरून हसू लागले. पंतोजींना मान वर करवेना.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतली एक लहान मुलगी उठली. मघापासून ती भोपळ्याकडेच बघत होती.

"पंतोजी," ती भीतभीत म्हणाली, "भोपळ्याबद्दल विचारलं तर चालेल का?"

हसणं थांबलं. पंतोजींचा हात सवयीने छडीकडे गेला. राणीने ते पाहिलं आणि मुलीला जवळ बोलावलं. मुलीने भोपळा कानाशी नेऊन हलवला.

"आत बिया वाजतायत. याला भोक तर कुठंच नाही. मग त्या आत शिरल्या कशा?"

एवढं विचारून ती डोळे मिटून छडीची वाट बघत उभी राहिली.

राजकन्या पलीकडच्या शाळेत गेली. दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आईही तिला घेऊन होडीत बसली. पंतोजी काठावर उभे राहून बघत राहिले. अशी किती मुलं आपण गप्प बसवली असतील? हा प्रश्न त्यांना कुणी पाठ करून दिला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्यांचा स्वतःचा होता.

म्हणून सांगतो, उत्तरं घोकली काय नि प्रश्न घोकले काय, दोन्ही पोपटपंचीच. विचार ज्याचा त्यालाच करू द्यावा लागतो.