खाल्ल्या मधाला न जागलेला पाहुणा

फार पूर्वी वेत्रवती नगरीत दृढवर्मा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व डोंगरातल्या एका शबर पाड्यात जन्मला होता. त्याचे नाव भरुक. पाड्यातली घरे मिळून पोकळ ओंडक्यांत सातेरी मधमाश्या पाळीत. ओंडका कुणा एकाचा नसे. पोळे कापताना पिल्लांचा भाग माश्यांना ठेवीत आणि पहिला मध पाहुण्याला देत. तो ज्याने चाखला, त्याने त्या रानावर कुऱ्हाड उचलायची नाही, असा नेम होता.

राजाचा वनाधिकारी पर्णक पहिला मध चाखून, तीन दिवस पाहुणचार झोडून गेला. माश्या कुठे चरतात, असे त्याने विचारले, तर भोळ्या भरुकाने जांभूळ, अर्जुन, सावर अशी झाडे एकेक करून दाखवली. महिन्याभरात हाच गृहस्थ कुऱ्हाडवाले घेऊन हजर, आणि तोडायची नेमकी तीच झाडे! राजाला नवा महाल हवा होता म्हणे. कोडगेपणाला काही सीमा असते की नाही?

भरुकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पर्णकाचा राग आला, त्याहून अधिक स्वतःचा. कुऱ्हाडवाले कड्याखाली न्याहारीला बसले होते आणि वर आग्या माश्यांची पोळी लोंबत होती. धूर दिला असता तर खालचा एकही जिवंत सुटला नसता. पेटता पलिता घेऊन भरुक कडा चढला.

"दे धूर, बाबा," मागून त्याची मुलगी वेणा म्हणाली. "त्यांना कुठे आपली दया आली?"

भरुकाने खाली पाहिले. उघड्या पाठीची ती माणसे कोरडे सातू खात होती. पर्णक दूर घोड्यापाशी उभा होता. तो सहज निसटला असता. भरुकाने पलिता दगडावर चिरडला, खाली उतरला आणि सर्वांत जुन्या अर्जुनाला पाठ टेकून बसला.

"वर बघा," तो कुऱ्हाडवाल्यांना म्हणाला. "आत्ता पलिता माझ्या हातात होता. तुमच्याकडे पाहून विझवला. राग काही गेलेला नाही. पण हे झाड तोडायचे तर आमचा मध खाल्लेल्यानेच तोडावे, आणि आधी मला."

त्यांनी वर पाहिले आणि त्यांचे चेहरे उतरले. एकेकाने कुऱ्हाड पर्णकापुढे ठेवली. तो ओरडला, राजदंडाची धमकी दिली, शेवटी स्वतःच कुऱ्हाड उचलली. कुणी त्याचा हात धरला नाही. सगळे नुसते बघत राहिले. त्याचा हात काही खाली येईना. कुऱ्हाड टाकून तो घोड्यावर बसला आणि निघून गेला. राजाला महाल दगडाचा बांधावा लागला.

पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ते, म्हणजे बोधिसत्त्वाचे पुढे झालेले बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "काल दात्याच्या घरी जेवून त्याच्याच दारात त्याची निंदा करणारा भिक्षू, तो तेव्हाचा पर्णक. कुऱ्हाडवाले म्हणजे तुम्ही ऐकणारे. वेणा आज भिक्षुणीसंघात आहे, अजून तशीच फटकळ. भरुक मीच होतो. मला राग आला होता, पण तो मी गरिबांच्या पाठीवर काढला नाही. यालाच क्षांती म्हणतात."