भिंतीवरची राजकन्या

एका राज्यात राजाने कुणाचे वर्णन स्वतः करायची रीत नव्हती. ते काम भाटाचे. राजा केतुमान मान डोलावी, भाट बोले, आणि राज्यातल्या साऱ्या स्त्रिया चंद्रमुखी नि सारे घोडे वायुवेगी ठरत.

एकदा विरूपसेन नावाचा मायावी दरबारात आला. भाटाने जांभई देत सांगितले, "हा एक जादूगार." बस्स, एवढेच! विरूपसेनाचा पारा चढला. त्याने चिमूटभर राख फुंकली. राजाच्या अंगणातला आंबा, राजाचा घोडा आणि राजाची एकुलती एक लेक इरावती, तिघेही भिंतीवर खडूच्या रेघा होऊन बसले.

मायाव्याच्या खांद्यावरची मैना म्हणाली, "राजा, ज्याचे जे आहे ते तुझ्या तोंडाने सांग, म्हणजे ते जिवंत होईल. दिवस मावळला की भिंत पुसली जाईल."

राजा आंब्यापुढे उभा राहिला. "कल्पवृक्षासमान, सुवर्णफलांनी लगडलेला..."

रेघ हलली नाही. उलट एक फांदी पुसली गेली.

"हे तर कुठल्याही झाडाचे," मैना म्हणाली.

राजाने डोळे मिटून आठवले. "बुंध्यावर डिंकाचा गोळा आहे. त्यात एक मुंगी अडकली आहे."

आंबा भिंतीतून बाहेर आला, मुंगीसकट.

घोडा सोपा गेला; त्यावर राजा रोज बसे. "उजवा कान फाटका. पाणी पिण्याआधी एकदा फुरफुरतो." घोडा फुरफुरला.

राहिली इरावती. दिवस कलला, तरी राजाला काही आठवेना. दरबार सोडून तो लेकीकडे कधी फिरकलाच नव्हता.

भाट कुजबुजला, "महाराज, कमलनयना म्हणा."

"गप्प बस. ते तू सगळ्यांनाच म्हणतोस."

रेघांतली पावले पुसली जाऊ लागली. राजाने भिंतीला हात टेकले. त्याला रडू आले.

"लहानपणी ती एकदा सिंहासनामागे लपून चिंच खात होती. आंबट लागले की डावा डोळा मिटी. फक्त डावा. उजव्याने बघे, कुणी पाहत तर नाही ना."

भिंतीवरचा डावा डोळा मिटला. मग इरावती खाली उतरली.

"आबासाहेब, तुम्ही पाहिले होते?"

"पाहिले होते."

राजाने विरूपसेनाची क्षमा मागितली आणि त्याला मानाचे आसन दिले. भाट आपल्या जागी राहिला. लेकीचे वर्णन मात्र राजा स्वतः करू लागला, रोज एक नवी खूण. आणि त्यासाठी त्याला दरबारातून लवकर उठावे लागे.