थिजलेल्या नदीची पंगत

नदीकाठच्या एका पाठशाळेत मी एकतीस वर्षे राजघराण्यांतील मुलांना शिकविले. शुभ्रा नदी थिजली तेव्हा तिला मोकळी करण्याचे काम माझ्याकडे आले, आणि शेवटच्या परीक्षेत कमंडलू माझ्याच हाती होता. म्हणून जे घडले ते मी क्रमाने सांगते.

नदीच्या वरच्या अंगाला राजा शूरकेतूचे राज्य होते, खालच्या अंगाला राणी चारुमतीचे. दोघेही माझे विद्यार्थी. पाण्याची वाटणी त्यांच्या पणजोबांनी घालून दिली होती. बुडाला भोक असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर सोडावयाचे. ते भरून बुडाले की एक घटका झाली. तीस घटका पाणी वरच्यांनी घ्यावे, मग तीस घटका खालच्यांनी. प्रत्येक राज्य आपली पाळी आपल्या पात्राने मोजीत असे.

कित्येक वर्षे हे सुरळीत चालले. पुढे खालची शेते करपू लागली आणि चारुमतीने खलिता धाडला की वरचे राज्य पाणी चोरते. शूरकेतूने उत्तर धाडले की राणीला लहानपणीही बेरीज येत नव्हती. हे असत्य होते. बेरीज त्याला येत नव्हती.

फाल्गुनात दोन्ही सैन्ये नदीकाठी उभी राहिली. दोघांनी एकाच क्षणी "नदी माझी" असे म्हटले, आणि नदी हिवाळ्यातल्या तुपासारखी थिजली. मासे जागच्या जागी थांबले. वरच्या राज्याचा हत्ती नदीच्या पात्रात उतरला तो बसल्या बसल्या घसरत खालच्या राज्यात जाऊन पोहोचला. युद्ध तेथेच संपले.

इतक्यात एका खंड्याने सवयीने सूर मारला आणि तो नदीवर आपटला. वाकलेल्या चोचीने तो म्हणाला, "उगमावर डोहमाय नावाची जादूगारीण राहते. हा शाप तिचा आहे. तीन परीक्षा पार पाडाव्या लागतील. चैत्री पौर्णिमेच्या सूर्यास्तापर्यंत पार पडल्या नाहीत, तर नदीचा कायमचा दगड होईल आणि दोन्ही राज्ये ओस पडतील. दोघांनाही मान्य असेल अशी एक व्यक्ती नेमा. लवकर नेमा, मी उपाशी आहे."

दोघांनी माझे नाव घेतले. इतक्या वर्षांत त्यांचे एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट.

पहिली परीक्षा अशी होती: खोटे कोण बोलते ते शोधा. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखविले. मी दोन्ही घटिकापात्रे मागविली आणि विहिरीच्या पाण्याने भरलेल्या एकाच घंगाळात सोडली. खालचे पात्र बुडाले तेव्हा वरचे जेमतेम अर्धे भरले होते.

"पाहिलेत, बाई?" चारुमती म्हणाली.

मी दोन्ही पात्रे उन्हात धरली. वरचे पात्र पिढ्यान्‌पिढ्या कोणी घासलेच नव्हते. क्षार साचून त्याचे भोक बारीक झाले होते. म्हणून त्यांची पाळी लांबत होती. खालच्या राज्यात स्वच्छतेचा अभिमान मोठा; रोज चिंच लावून घासल्यामुळे त्यांच्या पात्राचे भोक रुंदावले होते. म्हणून त्यांची पाळी आखूड होत होती.

"खोटे बोलली ती पात्रे," मी म्हणाले. "माणसांपैकी एकाने आळस केला आणि दुसरीने अतिरेक."

दोघांनी माना खाली घातल्या. नदीतले मासे शेपट्या हलवू लागले. खंड्याने मात्र तक्रार केली की आता ते अधिकच चविष्ट दिसतात.

दुसरी परीक्षा: प्रत्येकाने दुसऱ्याच्या राज्यात एक दिवस पाणी भरावे. शूरकेतू कावड घेऊन खालच्या राज्यात गेला आणि ओल्या वाळूत झरा उकरून वाटीवाटीने घागर भरू लागला. संध्याकाळी त्याची एकच घागर भरली होती. चारुमती वरच्या राज्यात गेली. तेथे नदी खोल दरीतून वाहत असे. थिजण्यापूर्वीही बायकांना तिचे पाणी तीनशे पायऱ्या चढून आणावे लागे. त्यांच्याबरोबर दरीतल्या झऱ्याचे पाणी घेऊन राणी तितक्याच पायऱ्या सातदा चढली. परत आल्यावर शूरकेतूने तिच्या पायांसाठी तेल पाठविले आणि तिने त्याच्या खांद्यासाठी लेप.

तिसरी परीक्षा पौर्णिमेच्या दुपारी आली. खंड्याने पायांत धरून एक कमंडलू आणला आणि डोहमायचा निरोप सांगितला. त्यातून ओंजळीत पाणी पडे ते घेणाऱ्याच्या मनात असेल तितके. नदीकाठच्या सर्वांना ते पुरले पाहिजे; एक जण जरी कोरडा राहिला, तरी नदीचा दगड.

प्रत्येक गावचा एक माणूस आला. नदीच्या क्रमाने पंगत बसली. अगदी वर शूरकेतू, मध्यावर चारुमती, आणि टोकाला शेवटच्या गावची नावाडीण वैनती. मी तीनदा मोजले. एकशे चौदा भरले.

शूरकेतूने ओंजळ पुढे केली. मी त्याच्यासमोरून पुढे गेले.

"बाई, मी येथे आहे."

"दिसतोस. लहानपणापासून पहिल्याच पानावर दिसतोस."

माझ्या पाठशाळेत पंगतीला शेवटच्या पानापासून वाढीत असत. पहिल्यापासून वाढले, की पुढच्यांच्या पानांत लाडू उरतात आणि मागच्यांच्या पानांत चुरा पडतो. शेवटापासून वाढले, की साऱ्या पंगतीची नजर भांड्यावर राहते.

वैनतीने अर्धी ओंजळच घेतली. एवढेच का, असे मी विचारले.

"आमच्याकडं एवढंच येतं, बाई. जास्ती मागायची सवय नाही."

हे चारुमतीने ऐकले आणि आपली पाळी आली तेव्हा तिनेही अर्धीच घेतली. पुढे एका पाटलाची ओंजळ परातीएवढी पसरू लागली. तेव्हा वरच्या बाजूचे सारे डोळे त्याच्यावर खिळले आणि ती आपोआप लहान झाली.

मी शूरकेतूपर्यंत पोहोचले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. तळाशी राहिलेले पाणी मी त्याच्या हाती ओतले आणि कमंडलू रिकामा झाला. त्याचे ओठ सुकलेले होते. त्याने ओंजळ तोंडाशी नेली आणि थांबला.

"बाई, आपण कोठे बसलात?"

"मी वाढते आहे."

"डोहमाय 'सर्वांना' म्हणाली होती. आपले घरही नदीकाठीच आहे."

मी रिकामा कमंडलू खाली ठेवला. एकतीस वर्षांत त्याने माझी चूक काढली, ती ही पहिली. त्याने अर्धे पाणी माझ्या ओंजळीत ओतले. मी प्याले, मग तो प्याला.

नदी खळखळून सुटली. अद्यापि पात्रात बसलेल्या हत्तीला अनायासे स्नान घडले. खंड्याने सूर मारला आणि तोंडभर मासा घेऊन वर आला, त्यामुळे पुढील बोलणी शांततेत झाली.

ठरले ते असे. घटिकापात्र एकच राहील, ते सीमेवरच्या शिळेवर ठेवावे, आणि दर पाडव्याला दोघांनी मिळून त्याचे भोक तपासावे. पाणी शेवटच्या शेतापासून वर देत यावे. जो पाणी सोडतो, त्याचाही वाटा धरावा. खंड्याच्या आग्रहावरून डोह कधीही उपसू नये, असेही जोडले. राणी चारुमतीने प्रथम मान्यता दिली, मग वैनतीने, मग प्रत्येक गावाने आणि मी. उगमाकडून एक लाट येऊन शिळा भिजवून गेली. ती डोहमायची संमती मानली. राजा शूरकेतूने सर्वांच्या शेवटी आपले नाव घातले आणि मान्यता देणाऱ्या माणसांची बेरीज स्वतः करून खाली लिहिली: एकशे पंधरा.

मी ती तपासली. बरोबर होती.