केरबाची घरदुरुस्ती

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. घायपाताच्या दोऱ्या वळायचा, आठवडी बाजारात विकायचा, आणि कुणी काही सांगितलं की ते जसंच्या तसं करायचा. वाटेत कुणी "थांब रे जरा" म्हटलं, की सांगणारा घरी जाऊन, जेवून, आडवा झाला तरी केरबा आपला वाटेतच उभा. मग त्याची बायको आनसा शोधत यायची आणि "चला आता" म्हणायची. तेव्हा कुठं तो पाय उचलायचा.

केरबाचं घर मातीचं. मागची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली. वरचे पत्रे गंजून त्यांची चाळण झालेली. नवराबायकोचं काय, ती कुठंही पथारी टाकायची. पण लेक उज्वला पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि तिच्या सासूनं निरोप धाडला होता, "डोक्यावर नीट छप्पर असंल तरच सून पाठवीन. न्हाईतर पहिलं बाळंतपण आम्हीच करू, आणि सांगू चार लोकांत." आनसाच्या जिवाला घोर लागला.

तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा झाला. गरिबांच्या मोडक्या घरांना दुरुस्तीसाठी मदत मिळणार. आनसानं लगेच लेकीच्या सासूला उलटा निरोप दिला, "छप्पर सरकारच घालतंय," आणि नवऱ्याला पंचायतीत पिटाळलं. म्हणाली, "भाऊसाहेबांशी अदबीनं बोला."

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक भोईटे. पंख्याखाली बसले होते.

"काय केरबा, कसं काय?"

"बरं हाय जी, तुमच्या कृपेनं."

"घरदार ठीक?"

"झ्याक हाय. कशाची म्हणून कमी न्हाई."

अदबीनं बोलायचं तर असंच बोलतात. भाऊसाहेबांनी लिहून टाकलं, घर सुस्थितीत, मदतीची गरज नाही.

हे ऐकून आनसा कपाळाला हात लावून बसली. मग उठली, नवऱ्याला दंडाला धरलं आणि पंचायतीत नेऊन उभं केलं. भाऊसाहेब म्हणाले, "वहिनी, माझा काय दोष? यांनी सांगितलं ते मी लिहिलं." मग केरबाकडं वळले. "अरे बाबा, घराचा विषय निघाला की रडायचं. सगळं गेलं, सगळं कोसळलं, आता आम्ही कुठं जायचं, असं म्हणायचं. त्याशिवाय वरच्यांना पाझर फुटत नाही. इंजिनियरसाहेब पाहणीला येतील, तेव्हा बघू."

घराचा विषय निघाला की रडायचं. केरबानं वाटेनं घोकत घोकत पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी सरपंचांच्या, म्हणजे सर्जेआप्पांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. अख्ख्या गावाला जेवण. आप्पा दारात उभे राहून येईल त्याला बंगला दाखवत होते. केरबाच्याही खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय केरबा, कसं वाटलं घर?"

घराचा विषय निघाला. केरबानं उंबऱ्यावर बसकण मारली आणि गळा काढला.

"सगळं गेलं. सगळं कोसळलं. आप्पा, आता तुमी कुठं जायचं..."

भटजींचा मंत्र अर्ध्यात अडकला. आप्पांच्या म्हाताऱ्या आईला नीट ऐकू येत नव्हतं. घरातलं कुणीतरी गेलं असं समजून तिनंही सूर धरला. तिचं ऐकून सुना रडायला लागल्या, आणि वाढपी हातातली बुंदी घेऊन तसेच उभे राहिले. आप्पांच्या पुतण्यांनी केरबाला दोन्हीकडून उचलला आणि रस्त्यावर नेऊन ठेवला.

आप्पा मागोमाग आले. "गाढवा, घर बघायला कुणी आलं की चांगलं बोलावं. म्हणावं, काय भक्कम भिंत आहे, शंभर वर्षं हलायची नाही."

घर बघायला कुणी आलं की चांगलं बोलावं. केरबानं तेही पाठ केलं.

चार दिवसांनी तालुक्याचे इंजिनियरसाहेब जीपमधून आले. कशाला आले? घर बघायला. आनसा काही बोलायच्या आत केरबा पुढं झाला आणि त्या पोट सुटलेल्या भिंतीवर त्यानं जोरात थाप मारली.

"काय भक्कम भिंत हाय, साहेब. शंभर वर्सं हलायची न्हाई."

थापेसरशी भिंतीतून एक ढेकूळ सुटलं ते साहेबांच्या बुटावर येऊन फुटलं. साहेबांनी बूट झटकला आणि लिहिलं, भिंत भक्कम. डोळ्यांना दिसतं ते लिहायला त्यांच्या कागदावर जागाच नव्हती. लाभार्थी सांगेल ते लिहायला मात्र होती.

"अवो साहेब, कलली हाय की ती," आनसा म्हणाली. "तुमाला दिसंना व्हय?"

"दिसतंय ना बाई. पण कललेली भिंत नियमात बसत नाही. कललेली म्हणजे अजून उभीच की. पडलेली असती तर बसवली असती."

जीप वळणाआड जाते न जाते, केरबानं शेजाऱ्याची पहार आणली. आनसा पाण्याला गेली होती. घागर घेऊन परत आली तर पुढच्या दारातून थेट मागचं ज्वारीचं रान दिसत होतं.

"अवो, भिंत कुठाय?"

"नियमात बसवली," केरबा म्हणाला.

आनसानं साहेबांना परत बोलावून आणलं. साहेबांनी दारातूनच पलीकडचं रान पाहिलं.

"हे तर पडकं घर झालं. दुरुस्ती उभ्या घराची करतात. पडक्या घराला वेगळी योजना आहे, आणि तिचा लक्ष्यांक, म्हणजे घरांचा ठरलेला आकडा, गेल्या वर्षीच संपला. कुणी सांगितलं तुला भिंत पाडायला?"

"तुमीच की."

साहेब आवाज चढवून म्हणाले, "हे बघ, तरी मी खास बाब म्हणून वर पाठवतो. पण यापुढं मंजुरी आल्याशिवाय घराच्या कशालाही हात लावायचा नाही. काय वाटेल ते होऊ दे. मंजुरी नाही, तर हात नाही."

मंजुरी नाही, तर हात नाही. हे पाठ करायला सोपं होतं.

भिंत गेली तसं आढं एका खांबावर आणि केरबाच्या दोऱ्यांवर तरंगत होतं. एका दुपारी वारा सुटला आणि खांब सरकला. आनसानं धावत जाऊन त्याला खांदा दिला.

"अवो, धरा की हिकडून."

केरबानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "मंजुरी आलीया का?"

"माझ्या खांद्याचा भुगा व्हायला लागलाय, आन् तुमाला मंजुरी सुचतीया?"

"आलो इचारून. तू फकस्त सोडू नगंस."

केरबा पंचायतीत गेला. भाऊसाहेब तालुक्याला मीटिंगला गेलेले. केरबा पायरीवर वाट बघत बसला. इकडं आनसानं सोसेल तेवढं सोसलं, मग घरातल्या शेळीला पुढं ढकलून स्वतः बाहेर उडी मारली. पत्रे, आढं, वासे, सगळं मागोमाग खाली बसलं. केरबा परत आला तेव्हा आनसा अंगणात धूळ झटकत होती.

"भाऊसाहेब न्हाईत," तो म्हणाला. "उद्या इचारू."

संध्याकाळी निरोप आला. उज्वला परवाच्या एसटीनं निघतेय, दिवस भरत आलेत.

आता गावात एक छप्पर मात्र अगदी वेळेवर तयार झालं होतं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयाचं. वर नवा स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, मागं मोरी, नळाला पाणी. गरिबांच्या घरांसाठी आलेला निधी मार्चअखेर परत जाऊ नये म्हणून तो तिकडं वळवला होता. आणि निधी उरला कसा, तर गावातलं कुणाचंच घर नियमात बसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याचं उद्घाटन झालं. आप्पांनी फीत कापली आणि छातीवर हात ठेवून भाषण केलं.

"मंडळी, हे कार्यालय माझं नाही. भाऊसाहेबांचंही नाही. हे गोरगरिबांचं घर आहे. आपलंच घर समजा आणि हक्कानं या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केरबानं वाजवल्या नाहीत. तो पाठ करत होता.

सतरंज्या गोळा करायला भाऊसाहेबांनी त्यालाच मागं ठेवलं. किल्ली हातात दिली. "झाडून घे आणि कुलूप लाव. आता सलग सुट्ट्या आहेत. मंगळवारी उघडू."

केरबा घरी आला आणि आनसाला म्हणाला, "चल. आपल्याला घर मिळालं."

कुठलं घर ते ऐकल्यावर आनसा आधी नकोच म्हणाली. मग तिनं खाली बसलेल्या पत्र्यांकडं पाहिलं, लेकीच्या एसटीची वेळ आठवली, आणि शेळीचं दावं सोडलं.

उज्वला आली ती थेट फरशीवर. दोन टेबलं जोडून तिचा पलंग झाला. आप्पांच्या खुर्चीची गादी तिच्या पाठीला दिली. चूल मागच्या पडवीत मांडली. आशाताई आली, नर्सबाई आली, आणि सुट्ट्या संपायच्या आत उज्वलाला मुलगी झाली. केरबानं दोऱ्या वळून झोळी केली आणि पंख्याच्या हुकाला टांगली. सोडायला आलेली सासू स्लॅबकडं मान वर करून बघत राहिली. एवढंच म्हणाली, "आमच्याकडं फरशी न्हाई."

सोमवारी जिल्ह्याचं तपासणी पथक आलं. मार्चअखेर होता, त्यांना सुट्टी नव्हती. दुरुस्त झालेली घरं संध्याकाळपर्यंत मोजून द्यायची होती, आणि अजून एकही सापडलं नव्हतं. खास बाब म्हणून वर नाव गेलेला लाभार्थी केरबा कुठं राहतो, असं त्यांनी पारावर विचारलं. लोकांनी बोट दाखवलं.

पथकाच्या मुख्य बाई आत आल्या. स्लॅब पाहिला, फरशीवर टाच आपटून पाहिली.

"काम फारच चांगलं झालंय. घर कुणाचं?"

"आमचंच. आप्पांनी समद्या गावासमोर सांगितलंय."

"राहता इथंच?"

"मग काय तर. बाळंतीण हाय घरात."

बाईंची नजर दारावर गेली. "पण वर ही ग्रामपंचायतीची पाटी कशी?"

"मॅडम, मदत देणाऱ्याचं नाव दर्शनी भागावर लावायचा नियमच आहे," त्यांचा सहायक म्हणाला. "लोक लावत नाहीत. यांनी किती ठळक लावलंय बघा."

बाई प्रसन्न झाल्या. सगळ्यांना दारात उभं केलं, झोळी दिसेल असा मोबाईलवर फोटो काढला. केरबा, आनसा, उज्वला, सासू, आणि कडेला शेळी. फोटो तिथल्या तिथं वर पाठवला. जाताना केरबाला बजावलं, "अंतिम मंजुरी येईपर्यंत इथं फोटोत आहे तसंच राहिलं पाहिजे. एक माणूस जास्त नको, एक कमी नको. पथक कधीही परत येईल."

मंगळवारी सकाळी भाऊसाहेब आले. केरबा दारात आडवा हात लावून उभा होता.

"भाऊसाहेब, आत येता येत न्हाई."

"अरे, माझं ऑफिस आहे हे."

"आसंल. पर फोटोत तुमी न्हाई."

भाऊसाहेबांनी तालुक्याला फोन लावला. तालुक्यानं जिल्ह्याला लावला. जिल्ह्यानं सांगितलं, तालुक्यातलं दुरुस्त झालेलं घर म्हणून एकच नोंद झालीय आणि ती पुढं गेलीय. आता ते घर मोकळं करायचं तर नोंद चुकली असं लिहून द्यावं लागेल. कोण लिहून देतंय? फोन बंद झाला.

तोवर आप्पा आले. मागं पुतणे.

"बाजूला हो, केरबा. मी या गावचा सरपंच आहे."

केरबानं आप्पांच्या तोंडाकडं नीट निरखून पाहिलं. मग वळून आत पाहिलं, सासू जागेवर आहे का, झोळी जागेवर आहे का, बघून घेतलं. मग परत आप्पांकडं पाहिलं आणि फार वाईट वाटून म्हणाला, "आप्पा, शेळी हाय फोटोत. तुमी न्हाई."

आणि बाळाला वारा लागू नये म्हणून दार लोटून घेतलं.

अंतिम मंजुरी अजून यायची आहे. ग्रामपंचायत सध्या एसटीच्या थांब्यावर भरते.