ओळंबा थांबेपर्यंत

एका डोंगराळ मुलखात एक राजा होता, आणि त्याला कोणी बसलेलं बघवत नसे.

उंबऱ्यात टेकलेली म्हातारी दिसली, झाडाखाली पाय पसरलेला हमाल दिसला, की त्याच्या पोटात दुखायचं. "माझ्या राज्यात इतके रिकामटेकडे?" असं तो पालखीतून ओरडायचा. पालखीत बसणं हे बसणं धरायचं नाही, असं दरबारात आधीच ठरलेलं होतं.

शेवटी त्याने राजवाड्याच्या दाराशी एक भलामोठा नगारा ठेवला आणि कायदा केला. नगारा वाजतोय तोवर प्रत्येकाचे हात चालले पाहिजेत. जो बसेल त्याचं घर जप्त, आणि तो राज्याबाहेर. नगारा सकाळपासून दिवे लागेपर्यंत वाजायचा. पण त्याचा आवाज निम्म्याच शहरात पोचे. उरलेलं निम्मं शहर दुपारी जेवून खुशाल आडवं व्हायचं. हे कानावर आलं तेव्हा राजाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने हुकूम सोडला, "टेकडीवर सात मजली नगारखाना बांधा. वरून नगारा वाजला की शेवटच्या घरात भांडी हादरली पाहिजेत."

टेकडीच्या उतारावर, त्या जागेच्या अगदी खाली, कुंभारवाडा होता. चाळीस घरं, चाळीस चाकं आणि भरपूर पोरंबाळं. त्यांना कोणी विचारलं नाही.

काम आलं दोघांवर. एक होता म्हातारा मुसलमान गवंडी. त्याच्याजवळ बापाच्या हातचा पितळी ओळंबा होता. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंतीच्या कडेने ते सोडायचं, आणि भिंत दोरीबरोबर उतरते की नाही ते बघायचं. विटांचे चार थर झाले की गवंडी ओळंबा सोडायचा आणि हात वर करायचा. मग सगळे मजूर आहेत तिथे थांबायचे. कोणी बोलायचं नाही, कोणी पाटी उचलायची नाही. ओळंबा झुलायचा, मंद व्हायचा, थांबायचा. तेवढ्या वेळात गवंडी पुटपुटायचा, "अल्ला, आम्हाला सरळ वाट दाखव." रोज नमाजात जे मागायचा तेच भिंतीपाशीही मागायचा.

दुसरी होती एक ख्रिस्ती चुनेवाली. तिचा नवरा केव्हाच वारला होता. तिच्याकडे चुना मळायची घाणी होती, आणि घाणीचं दगडी चाक फिरवणारा एक बैल होता. रविवारी ती घाणी बंद ठेवायची. स्वतः प्रार्थनेला जायची आणि बैलाला सोडून द्यायची. कोणी हसलं तर म्हणायची, "देवाने विसाव्याचा दिवस सांगितला तेव्हा बैलाचंही नाव घेतलं होतं. माझं एकटीचं नव्हतं घेतलं."

पहिला मजला असाच चढला. आणि मग एके दिवशी राजा काम बघायला आला.

तो आला तेव्हा नेमका ओळंबा सोडलेला होता. साठ माणसं पुतळ्यासारखी उभी.

"काय चाललंय हे?" राजा ओरडला.

गवंडी म्हणाला, "महाराज, ओळंबा थांबायचाय."

"मग त्याला म्हणावं, लवकर थांब!"

"तो माझं ऐकत नाही, महाराज. ज्याने त्याला वजन दिलं, त्याचं ऐकतो."

मजुरांत कोणीतरी खुदकन हसलं. झालं! राजाने तिथल्या तिथे फर्मावलं. नगारा इथेच आणा, भिंतीवर चढवा, भिंत वाढेल तसा वर न्या. ओळंबा बंद. शुक्रवारची नमाज बंद, रविवारची सुट्टी बंद. "डोळ्यांनी बघून बांधा. देवाने डोळे कशाला दिलेत?"

देवाचं नाव सोयीपुरतं घेणारे लोक तेव्हाही होते.

गवंड्याने ओळंबा गुंडाळून कनवटीला लावला. तो भित्रा नव्हता, पण घरी त्याची बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. घर गेलं असतं तर तिला घेऊन तो कुठे जाणार होता? शुक्रवारी मशिदीतून बांग झाली असेल, नगाऱ्यामुळे त्याला ऐकूच आली नाही. ऐकू आली नाही, हे त्याला बरंच वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटली.

रविवारी सकाळी घाणीवर शिपाई आला. बैल मोकळा उभा राहून रवंथ करत होता, आणि चुनेवाली शेजारी चक्क मांडी घालून बसली होती.

"उठ, बाई! नगारा ऐकू येत नाही?"

"येतो की. पण मला दुसऱ्याचीही हाक ऐकू येते. तुझा राजा हाक मारतो तेव्हा डोक्यावर ओझं देतो. माझा प्रभू म्हणतो, थकलेल्यांनो, ओझ्याने वाकलेल्यांनो, माझ्याकडे या, मी तुम्हाला विसावा देईन. आता तूच सांग, मी कोणाकडे जाऊ?"

शिपायाने घाणीचं चाक फोडलं, घराला कुलूप घातलं आणि तिला बैलासकट नदीपलीकडे हाकललं. जाताना ती टेकडीखालून गेली. वर गवंडी उभा होता. तिने मान वर करून हाक मारली, "मिस्त्रीभाऊ, देव घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे कष्ट फुकट आहेत. एवढं ध्यानात ठेवा." गवंड्याने खाली मान घातली. त्या वेळी तिच्या बाजूने तो एक शब्द बोलला नाही, हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे लोक त्याला फार मोठा करून सांगतात.

भिंत भराभर चढली. दोन मजले, तीन, चार. नगारा वर, त्याच्याखाली माणसं, आणि हातांना क्षणाची उसंत नाही. गवंडी घरी यायचा तो नुसता पडून राहायचा. अंग दुखायचं आणि डोळा लागायचा नाही.

तिसऱ्या शुक्रवारी सकाळी भाकरी खाताना बायको अंथरुणावरून म्हणाली, "अहो, तुम्ही हल्ली ओळंबा सोडत नाही म्हणे?"

"कोणी सांगितलं?"

"पाणी आणणाऱ्या बायका सांगतात. कुंभारवाड्यातल्या आहेत त्या. भिंतीकडे बघत बघत झोपतात."

गवंड्याने भाकरी खाली ठेवली. मग म्हणाला, "तुला कुठे घेऊन जाऊ? घर गेलं तर?"

"माझं नाव पुढे करून भिऊ नका," ती फणकाऱ्याने म्हणाली. "हाजराबीबी लेकराला घेऊन वाळवंटात एकटी होती. पाण्यासाठी धावून धावून थकली. अल्लाने तिला टाकलं का? लेकराच्या पायाशी झरा काढला. तिला पुरला तो मला पुरणार नाही? जा, आणि दोरी सोडून बघा. आणि सरळ वाट मागा. किती दिवसांत मागितली नाहीत ती!"

दुपारी नमाजाच्या वेळेला गवंडी भिंतीला लावलेल्या बांबूच्या परांचीवर चढला. त्याने कनवटीचा ओळंबा काढला आणि भिंतीच्या कडेने खाली सोडला. वर नगारा धडधडत होता. दोरी नुसती थरथरत राहिली. थांबायचं नावच घेईना.

गवंडी वर वळून नगारा वाजवणाऱ्याला म्हणाला, "बाबा, जरा थांब."

वाजवणाऱ्याच्या तळहातांना फोड आले होते. त्याने पहाऱ्यावरच्या शिपायाकडे पाहिलं, गवंड्याकडे पाहिलं, आणि टिपऱ्या खाली ठेवल्या.

इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच टेकडीवर शांतता झाली. पाखरं ऐकू आली. साठ माणसं जिथल्या तिथे उभी राहिली. ओळंबा झुलला, मंद झाला, थांबला.

आणि सगळ्यांनी पाहिलं. पहिला मजला दोरीला धरून होता. वरचे तीन मजले खाली कुंभारवाड्याकडे झुकले होते, चांगले वीतभर. डोळ्यांना ते इतके दिवस दिसलं नव्हतं, कारण डोळेही नगाऱ्याबरोबर पळत होते.

गवंड्याने भिंतीवर हात ठेवला. "हे माझ्या हातचं आहे," तो म्हणाला. "मला माहीत होतं आणि मी बांधत राहिलो. कुंभारवाड्यात जा आणि सगळ्यांना बाहेर काढा. म्हातारी, पोरं, कोणाला ठेवू नका. टेकडीमागच्या माळावर न्या." मजूर धावले. सगळ्यांना घेऊन ते माळावर पोचले, तेव्हा गवंडी तिथे मांडी घालून बसला होता. "या भिंतीवर मी आता एक वीटही ठेवणार नाही," तो म्हणाला.

शिपायाने भाला रोखला. "घर जाईल!"

"जाऊ दे. जो अल्लावर भिस्त ठेवतो, त्याला तो पुरेसा आहे. असं मी आयुष्यभर म्हणत आलो. आज खरं करून बघतो."

मग नगारा वाजवणारा त्याच्या शेजारी बसला. मग मजूर बसले. कुंभार बसले, त्यांच्या बायका बसल्या, आणि पोरं तर आधीच बसली होती. थोड्या वेळाने नदीकडून एक बाई आणि एक बैल येताना दिसले. दोघांचीही अंगं ओली होती.

"तुला हद्दपार केलंय!" शिपाई ओरडला.

"नगारा बंद झाला म्हणून आले," चुनेवाली म्हणाली. "म्हटलं, कोणीतरी बसलं असणार. मग मी तिकडे एकटी उभी राहून काय करू?" आणि ती गवंड्याच्या शेजारी बसली. गवंडी म्हणाला, "बाई, त्या दिवशी मी बोललो नाही." ती म्हणाली, "आता बसलात ना? झालं."

राजा पालखीतून आला आणि त्याने पाहिलं, तर माळभर माणसं बसलेली. त्याच्या आयुष्यात याहून वाईट काही त्याने पाहिलं नव्हतं.

"उठा!"

कोणी उठलं नाही.

"भिंत कलली आहे, महाराज," गवंडी बसूनच म्हणाला. "वर कोणाला पाठवू नका."

"तुम्ही आळशी आहात म्हणून ती कललेली दिसते! मी दाखवतो तुम्हाला!" राजा परांचीवरून तरातरा वर चढला, टिपऱ्या उचलल्या आणि स्वतःच नगारा बडवायला लागला. अर्धी घटका झाली, एक घटका झाली. राजा घामाघूम झाला. माळावरचे लोक बसल्या जागेवरून बघत राहिले. त्यांतल्या एका पोराने टाळ्या वाजवल्या.

शेवटी राजाचे हात गळाले. टिपऱ्या सुटल्या, आणि तो धपकन नगाऱ्यावर बसला.

"महाराज बसले!" कुंभारवाड्यातली एक म्हातारी जोरात म्हणाली. माळावर हशा पिकला.

पण मग पुन्हा शांतता झाली, आणि त्या शांततेत राजाला एक आवाज आला. त्याच्या पायाखाली चुना खसखस गळत होता. कुठेतरी आत वीट कटकन मोडली. हे आवाज कितीतरी दिवस चालू असणार. नगाऱ्यात ते कोणाला ऐकू येणार होते?

राजाला उभं राहता येईना. सगळ्यांनी नको नको म्हटलं तरी गवंडी परांचीवर चढला.

"उतरा, महाराज."

"तू मला हुकूम करतोस?"

"मी नाही. तुमच्या पायाखालची भिंत करतेय. खांद्यावर हात ठेवा माझ्या."

राजाने हात ठेवला. दोघं खाली उतरले आणि माळाकडे पन्नास पावलंही चालले नसतील, तोच मागे तीन मजले कडाडून कोसळले. कुंभारवाड्यातली चाकं फुटली, मडकी फुटली, पण खाली एकही माणूस नव्हतं. नगारा गडगडत नदीपर्यंत गेला आणि दगडावर आपटून फाटला.

पहिला मजला मात्र जसाच्या तसा उभा राहिला. दोरीला धरून.

राजाचं पुढे काय झालं, असं पोरं मला नेहमी विचारतात. कायद्याप्रमाणे त्याचं घर जप्त व्हायला हवं होतं. तसं काही झालं नाही, राजांचं सहसा होत नाही. पण त्याने पुन्हा कोणाला "उठ" म्हटलं नाही, कारण म्हणायला तोंड उघडलं की लोक त्याच्याकडे बघून गालात हसायचे. कुंभारांनी नगारखान्याच्या विटा उचलून नेल्या आणि आपली घरं बांधली. चुनेवालीच्या घाणीला नवं चाक मजुरांनी घडवून दिलं. आणि गवंड्याचं घर जप्त करायला पाठवलेला शिपाई गवंड्याच्या बायकोने अंथरुणावरून शेजारणीकडून देवविलेलं पाणी पिऊन ओट्यावर जो टेकला, तो गवंडी परत येईपर्यंत तिथेच होता.

पण त्या दिवशी, धुरळा खाली बसला तेव्हा, गवंड्याने सरळ उभ्या राहिलेल्या भिंतीच्या सावलीत चटई अंथरली आणि राहिलेली नमाज पढली. शेजारी चुनेवालीने बैलाच्या गळ्यातला दोर सोडला.

"बाई, आज शुक्रवार आहे," गवंडी म्हणाला.

"बैलाला कुठे कळतंय? आज तुमचा, परवा माझा."

गवंडी हसला आणि तिथेच भिंतीला डोकं टेकून झोपला. किती दिवसांनी त्याचा डोळा लागला होता. माळावरचे लोक हळू आवाजात बोलत राहिले, आणि त्याला कोणी उठवलं नाही.

तात्पर्य: जो तुम्हाला क्षणभरही थांबू देत नाही, सरळ काय आहे ते तुम्हाला दिसावं, हे त्याला नको असतं. म्हणून थांबा. देव वाट दाखवतोच, पण ती थांबलेल्याला दिसते; आणि त्याने दिलेला विसावा काढून घ्यायचा हक्क कोणत्याही राजाला नाही.