गळती या शब्दाचा अर्थ

राजा भानुदेवाच्या हुकमाने निंबगव्हाणच्या पाटाचं दार बंद झालं आणि गावाच्या विहिरी तळाला गेल्या. या हुकमामागे राजगणिती त्र्यंबकशास्त्र्यांची आकडेमोड होती. राजवाड्याच्या तळ्याला जाणाऱ्या पाण्याची या पाटातून भयंकर गळती होते, असं त्यांनी सिद्ध केलं होतं. कसं, ते कुणालाच कळलं नव्हतं. पण दरबारातल्या झाडून सगळ्या पंडितांनी माना डोलावल्या होत्या, आणि राजाला तेवढं पुरेसं होतं.

गावकरी दाद मागायला गेले, तर राजाने अट घातली. गणित खोटं बोलत नाही, तेव्हा त्याच्याशी भांडायचं तर त्याच्याच भाषेत भांडा. येत्या पौर्णिमेला पंडितांपुढे त्या भाषेत एक सिद्धांत मांडा. त्यांनी मान्य केला तर तुमचं ऐकेन, नाही केला तर गाव खाली करा. निंबगव्हाणात पाढ्यांच्या पुढे कुणीच गेलं नव्हतं. लोक मुकाट्याने भांडीकुंडी बांधायला लागले.

म्हाळसाने काही बांधलं नाही. ती दुभाष्याची मुलगी. बापाबरोबर व्यापाऱ्यांच्या तांड्यांतून हिंडता हिंडता तिने परमुलखातल्या कितीतरी बोली उचलल्या होत्या. आधी अर्थाच्या मागे न लागता नुसतं ऐकायचं, कुठला शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते पाहायचं, मग एखादा शब्द बदलून बोलायचं आणि समोरच्याच्या कपाळाला आठी पडते का ते बघायचं, ही तिची रीत होती.

"शास्त्रीसुद्धा तोंडानेच बोलतात ना?" ती गावकऱ्यांना म्हणाली. "मग त्यांची बोलीही शिकता येईल."

तिने राजधानीतल्या पाठशाळेत झाडलोटीचं काम धरलं. गणित ती शिकलीच नाही. गणिती कसे बोलतात, तेवढं शिकली. बोलण्याची सुरुवात 'समजा'ने होते. मग 'ज्या अर्थी' येतं आणि त्याच्या मागून 'त्या अर्थी'. भुजा नेहमी कशाशी तरी समान असते, कर्ण कशातून तरी निष्पन्न होतो. आणि पुढचं स्वतःलाच सांगता येत नसलं, की शास्त्री म्हणतात, 'हे उघडच आहे.' विद्यार्थ्यांशी बोलताना ती मुद्दाम शब्द उलटेपालटे करी. ते हसले, की तिचा एक नियम पक्का होई. पाटाचं गणितही विद्यार्थी तिथे मोठ्याने घोकत, तेही तिने शब्दन्‌शब्द ऐकून ठेवलं.

पौर्णिमेला दरबार खचाखच भरला. झाडूवाली सिद्धांत मांडणार म्हणून पंडित आधीपासूनच खुसखुसत होते. म्हाळसा उभी राहिली आणि शास्त्र्यांच्याच संथ, जड सुरात बोलू लागली.

"समजा, एक विशाल चौरस आहे. ज्या अर्थी त्याची प्रत्येक भुजा स्वतःच्याच अर्ध्याशी समान आहे, त्या अर्थी त्याचा कर्ण आपल्याच अभावातून निष्पन्न होतो. हे उघडच आहे."

खुसखुस थांबली. पंडितांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि एकेक मान डोलू लागली. एकाने 'गहन' म्हटलं, एकाने डोळे टिपले. हा सिद्धांत आपण तरुणपणीच मांडला होता, तोही याहून थोडक्यात, असं त्र्यंबकशास्त्र्यांनी सांगून टाकलं.

राजा खूश झाला. त्याने सोप्या शब्दांत अर्थ विचारला.

"अर्थ काहीच नाही महाराज," म्हाळसा म्हणाली. "अख्खी काठी आणि तिचा अर्धा तुकडा सारख्याच लांबीचे, असं मी बोलले. कुठलाही गुराखी हसला असता. यांच्या डोळ्यांत पाणी आलं."

त्र्यंबकशास्त्री संतापले. ही भर दरबारात फसवणूक आहे, हिला हाकलून द्या, असं ते म्हणाले. राजाचाही चेहरा कठोर झाला.

"मी फक्त यांची भाषा बोलले," ती शांतपणे म्हणाली. "अर्थ तपासणं यांचं काम होतं. पाटाचं गणितही यांनी असंच मान डोलावून मान्य केलंय. आता अट पुरी झाली, तेव्हा शास्त्रीबुवांना एकच विचारते. तुमच्या गणितात सुरुवातीला 'गळती' येते, ती कसली?"

जमिनीत मुरून जातं ते पाणी, असं शास्त्र्यांनी तुच्छतेने सांगितलं.

"आणि शेवटी येते ती?"

"हे उघडच आहे," शास्त्री म्हणाले. राजाने पुन्हा विचारलं, तेव्हा ते पुटपुटले, "राजवाड्याच्या तळ्यात जे पोचत नाही, ते सगळं."

"शब्द एकच, पण वाटेत त्याचा अर्थ बदलला," म्हाळसा म्हणाली. "म्हणजे आम्ही पाणी प्यायलो, की ती गळती. महाराज, ही भाषा अशीच चालू दिलीत, तर उद्या तुम्ही जेवायला बसलात की हे कोठाराची गळती मोजतील!"

राजाला असं हसू फुटलं, की मुकुट सावरायला सेवकाला धावावं लागलं. बऱ्याच वेळाने डोळे पुसत त्याने हुकूम दिला. निंबगव्हाणचं पाणी त्याच दिवशी सुटावं. म्हाळसाला भरजरी शेला आणि राजदुभाष्याचा मान मिळावा. यापुढे पंडितांचं कुठलंही गणित तिला सरळ मराठीत समजल्याशिवाय राजापर्यंत येऊ नये. आणि पाटाचं दार त्र्यंबकशास्त्र्यांनी स्वतःच्या हातांनी उघडावं.