ओढ्याकडच्या दाराची खबर

मुंग्यांना वाचा होती तेव्हाची ही गोष्ट. एका वारुळाला पुष्कळ दारं होती आणि दरेक दारावर एक राखणदार मुंगी. म्होरक्या मुंगळा आत बसून सारखा मुंग्या धाडायचा, "जा, दार ठीक आहे का विचारून ये."

एकदा ओढ्याकडच्या दाराची खबर येईना. मुंगळ्यानं आणखी मुंग्या धाडल्या, मग आणखी. एकही परतेना. दाणे वेचायला कुणी उरलं नाही. आत पिलं भुकेनं वळवळू लागली.

"आळशी झाल्यात मेल्या!" मुंगळा ओरडला. "पिलांजवळच्याही धाडा!"

पिलं सांभाळणारी धुरपा मुंगी भडकली. "अरे, गेल्या त्या कुठं अडकल्या, ते तरी बघशील का?" म्हणत ती स्वतःच निघाली.

बघते तर काय, ओढ्याकडची दरड ढासळून दार बुजलेलं. राखणदार केव्हाच दुसरीकडून पळालेली. आणि धाडलेल्या साऱ्या मुंग्या त्या मातीपुढं रांगेनं उभ्या!

"इथं काय करताय गं?"

"उत्तराची वाट बघतोय, मावशी. उत्तराशिवाय परतायचं नाही, असा हुकूम आहे."

"माती कधी बोलली होती का, बयांनो? उत्तर आलं नाही, हीच खबर! चला, पोरं उपाशी मरतायत!"

मुंग्यांनी वाटेतले दाणे उचलले आणि थेट पिलांकडे धावल्या.

"आणि माझी खबर?" मुंगळा गरजला.

"दार बुजलंय. जा, उकर स्वतः!" धुरपा म्हणाली. "ह्यातली एक मुंगीही आता मिळायची नाही."

मुंगळ्यानं मागं वळून पाहिलं. धाडायला कुणीच नव्हतं. मग निमूटपणे तो ओढ्याकडं चालू लागला.